डोंगर कागदावर कसा मावतो?



त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी स्थलनिर्देशक नकाशा फळ्यावर टांगला आणि मुलं गप्पच झाली. सगळीकडे तपकिरी रेघाच रेघा! एक जण हळूच म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यावर कुणीतरी शेवया सांडल्यात." वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठून नकाशाजवळ आली. म्हणाली, "नाही गुरुजी, उन्हाळ्यात तळं आटलं की काठावर अशाच रेघा पडतात."

मित्रांनो, माझा अर्धा धडा तिनेच शिकवून टाकला.

तळ्याचं पाणी सगळीकडे एकाच पातळीत असतं. म्हणून काठावर पाण्याची जी रेघ उमटते, तिच्यावरची प्रत्येक जागा सारख्याच उंचीची असते. पाणी खाली गेलं की आणखी एक रेघ, मग त्याखाली आणखी एक. नकाशातल्या तपकिरी रेघा अशाच. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेल्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची मोजमापं सुरू झाली. चार्ल्स हटन या गणितज्ञाने त्या आकड्यांच्या गर्दीतून सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडल्या आणि आकड्यांतून डोंगर दिसू लागला.

आपल्याकडे असे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ सालचा. त्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर अंतर. दोन समोच्च रेषांमध्ये बहुधा २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड काढलेली असते. पाण्याला निळा रंग, झाडीला हिरवा, शेतीला पिवळा आणि उंचीच्या रेषांना तपकिरी.

आता वाचायचं कसं? रेषा एकमेकींना खेटून आल्या, की समजा चढ उभा आहे, दम लागणार! रेषा लांब लांब गेल्या, की उतार सौम्य, बैलगाडीही आरामात जाईल. आपले बालाघाटचे डोंगर नकाशात चटकन ओळखू येतात. कडेला रेषांची दाटी आणि आत मोठी मोकळी जागा. म्हणजे काय? डोंगराचा माथा सपाट! लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपलं दख्खनचं पठार तयार झालं, त्याची ही खूण.

रेषांखेरीज आणखी काही खुणा असतात. काळा ठिपका आणि शेजारी आकडा म्हणजे त्या जागेची उंची. छोटा त्रिकोण म्हणजे त्रिकोणमितीने मोजलेलं ठिकाण. भारतातली ही मोठी त्रिकोणमोजणी १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी सुरू केली. ते काम करता करताच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. आणि तलावाच्या बांधाशेजारी आकड्यापुढे 'आर' हे इंग्रजी अक्षर दिसलं, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. तो बांध शेजारच्या जमिनीपेक्षा किती मीटर उंच आहे, ते तिथं सांगितलेलं असतं.

आता जरा गंमत. आमच्या तेरखेड्याचं नाव निघालं की लोकांना फटाके आठवतात. पण तेरणा नदीचा उगमही आमच्याच परिसरात आहे. नदी जिथं सुरू होते तिथं निळी रेघ अगदी बारीक असते. मग उगमाची दिशा कशी शोधायची? ओढ्यावरून जाताना समोच्च रेषा इंग्रजी 'व्ही'सारखी वाकते आणि तिचं टोक नेहमी चढाकडे, म्हणजे उगमाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवर मात्र टोक उताराकडे. म्हणून आधी आकडे वाचा, मग आकार! मुलांनी बोटानं तेरणा धरली ती तेरपर्यंत नेली, पुढं मांजरेत, मग गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागरात.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पाणी अडवायला आम्ही गावकरी माळावर समतल चर खणत होतो. समतल चर म्हणजे जमिनीवर खणलेली समोच्च रेषाच! रेषा आखायला लाकडी 'ए' फ्रेम वापरतात. ती करायला एक दिवस गेला असता. मी म्हणालो, "कशाला? सरळ दिसतंय की. डोळ्यानंच ओळ धरा." मी पडलो गुरुजी, सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या मोठ्या पावसात चरातलं सगळं पाणी एका टोकाला धावलं, तिथली माती फुटली आणि खालच्या शेतात नुकतंच पेरलेलं सोयाबीन मातीसकट वाहून गेलं. ते शेत माझ्याच वर्गातल्या एका मुलाचं होतं. त्याचे वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच नकाशा शिकवता ना?"

त्या वाक्यानं मला जे शिकवलं, ते डी.एड.च्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. पुढच्या रविवारी आम्ही ए-फ्रेम केली आणि चर पुन्हा आखला. त्या शेताचा बांध आधी घातला. पहिली पाटी मी उचलली.

ए-फ्रेम तुम्हीही करा. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मधे आडवी काठी बांधा. वरच्या टोकाला दोरी बांधून तिला दगड लटकवा, दोरी आडव्या काठीच्या खाली जाऊ द्या. फ्रेम उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठं येते तिथं खूण करा. आता दोन्ही पाय नेमक्या त्याच जागी, पण उलटसुलट ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य ही सपाटीची खूण. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढंमागं सरकवा. दोरी मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एकाच उंचीवर! तिथं चुन्याची फक्की टाका आणि पुढं चला. मोठ्या माणसांना सोबत घ्या, आई-बाबांनाही मजा वाटेल.

जाता जाता एक प्रश्न: दोन समोच्च रेषा एकमेकींना फुली मारून ओलांडतात असं कुणी नकाशात काढलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तळ्याच्या काठावरच्या रेघा आठवा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमचे,
गुरुजी