कॅराव्हॅन पर्यटनाचा विस्तार, विद्युत तपासणीचा मात्र विसर

नवी दिल्ली : चाकांवरचे घर घेऊन भ्रमंती करण्याची हौस आता भारतीय पर्यटकांमध्येही रुजू लागली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणे जाहीर केली. वाहनतळ, परवाने आणि सवलती यांची चर्चा त्यानंतर बरीच झाली. मात्र या वाहनांच्या प्लायवूडच्या भिंतींमागून जाणाऱ्या विद्युत तारांची तपासणी कोणी, केव्हा आणि कशी करायची, हा प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने पुढे आलेला नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य अलीकडच्या दोन दुर्घटनांतून लक्षात येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जैसलमेरहून जोधपूरकडे निघालेल्या खासगी बसला आग लागून २० हून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. वातानुकूलन यंत्रणेतील शॉर्टसर्किटचा संशय प्रारंभी व्यक्त झाला आणि बसमध्ये करण्यात आलेल्या बदलांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. त्यापूर्वी डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने हे मृत्यू ओढवल्याचे तपासात निष्पन्न झाले. एक घटना आगीची, दुसरी विषारी वायूची; परंतु वाहनातील सोयीसाठी बसविलेल्या यंत्रणेकडे दोन्ही घटना बोट दाखवितात.

कॅराव्हॅनमध्ये हा धोका अधिक का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीवर १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे साडेसहा अँपिअर विद्युतप्रवाह घेते. तीच शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरद्वारे चालविल्यास बॅटरीकडील केबलमधून किमान १२५ अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह दुप्पट झाला की त्याच तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे घरगुती वायरिंगचा अनुभव असलेल्या कारागिराने नेहमीच्या अंदाजाने निवडलेली तार येथे धोकादायक ठरू शकते.

तार योग्य जाडीची असली तरी धोका संपत नाही. बहुसंख्य वाहनधारकांचा भरवसा फ्यूजवर असतो. फ्यूज ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यास वितळतो. परंतु जोड सैल झाला असेल, तर प्रवाह मर्यादेतच राहतो आणि जोडाच्या ठिकाणचा रोध तेवढा वाढतो. ५० अँपिअर प्रवाह वाहत असताना एका सैल जोडावर १.२ व्होल्टची घट होत असेल, तर त्या एका बिंदूवर ६० वॅट उष्णता सतत निर्माण होते. लाकडी पटलामागे, फोमला लागून जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा अखंड जळत ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. अशा स्थितीत फ्यूज शाबूत राहतो, दिवे लागलेले असतात आणि बिघाडाची चाहूल कोणालाही लागत नाही.

जोड सैल होण्याची कारणे प्रवासातच दडलेली आहेत. खडबडीत रस्त्यांवरील सततच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. उभ्या वाहनात उंदीर तारा कुरतडतात. त्यात वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसविला गेला, तर उरलेले संरक्षणही नाहीसे होते. कारण फ्यूजची क्षमता उपकरणाच्या गरजेवर नव्हे, तर तारेच्या सहनशक्तीवर ठरवायची असते.

म्हणूनच तपासणी दोन टप्प्यांत होणे आवश्यक आहे. पहिला टप्पा वीज पूर्णपणे खंडित करून करायचा. बॅटरी, इन्व्हर्टर, जनरेटर आणि बाहेरील जोडणी बंद केल्यावर प्रत्येक दृश्य जोड हलवून पाहावा. तपकिरी पडलेले टर्मिनल, मऊ किंवा कडक झालेले तारेचे आवरण, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा माशासारखा वास ही तापल्याची लक्षणे होत. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या मुख्य केबलवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे का, हेही पाहावे.

दुसरा टप्पा भार टाकून करायचा आणि तो प्रशिक्षित वायरमनकडूनच करून घ्यावा. मोठी उपकरणे सुमारे अर्धा तास चालवून इन्फ्रारेड तापमापकाने जोडांचे तापमान मोजावे. चकचकीत धातूवर हे साधन प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखविते. त्यामुळे वीज बंद असतानाच जोडावर काळ्या टेपचा तुकडा लावून ठेवणे इष्ट. एकाच केबलच्या दोन टोकांपैकी एक लक्षणीय गरम असेल, तर दोष त्या टोकाच्या जोडात असण्याची शक्यता अधिक. उपकरणे चालू असताना बॅटरीपाशी आणि उपकरणापाशी व्होल्टेज मोजल्यास मधल्या मार्गात किती वीज वाया जाते, हेही समजते.

मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून वीज घेतानाही दक्षता हवी. गुंडाळलेल्या अवस्थेतील एक्स्टेन्शन केबल मोठ्या भाराखाली झपाट्याने तापते. ती पूर्ण उलगडूनच वापरावी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवितो, परंतु तापणारा जोड त्याला ओळखता येत नाही.

कायद्याची चौकट अस्तित्वात आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. परंतु या चाचणीचा भर ब्रेक, दिवे, स्टीअरिंग आणि धूर यांवर असतो. पटलामागील सैल जोड त्यात सापडण्याची शक्यता अत्यल्प आहे.

ही पोकळी भरून काढण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कॅराव्हॅन तयार करणाऱ्याने तारांची जाडी व फ्यूजची क्षमता दर्शविणारा वायरिंगचा नकाशा वाहनासोबत देणे, योग्यता चाचणीत भारयुक्त तपासणीचा समावेश करणे आणि भाड्याने वाहन देणाऱ्यांनी तपासणीची नोंदवही ठेवणे, या तीन गोष्टींनी मोठा फरक पडू शकतो. राज्यांची पर्यटन धोरणे या अटी परवान्याशी सहज जोडू शकतात. कॅराव्हॅनमध्ये कुटुंबे रात्री निर्धास्तपणे झोपतात. ती निर्धास्तता केवळ न उडालेल्या फ्यूजच्या भरवशावर सोडणे परवडणारे नाही.