पायरी बसायलाच असते का?

२००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमधल्या स्केटबोर्डिंग-बंदीच्या निषेधार्थ नगररचनाकार एडमंड बेकन स्वतः स्केटबोर्डवर चढले. वय ९२! आणि त्या चौकाची मूळ कल्पना त्यांचीच. आहे की नाही गंमत?

बांधणारा पायरी बसायला बांधतो, स्केटरला तिच्यात उडी दिसते. रस्त्यावर फोटो काढणारे आम्हीही तसेच, न बोलावता आलेले. शंभरदा फसायचं, एकदा साधायचं. गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे सुमारे २५०० रोल डेव्हलपसुद्धा झालेले नव्हते. मला हे वेड कळतं.

एक फरक मात्र सलतो. स्केटर पडला तर ढोपर त्याचंच फुटतं. माझ्या फोटोत चेहरा दुसऱ्याचा असतो. परवा मंडईत भाजीवाल्या मावशींनी हात आडवा केला. उजेड काय सुंदर पडला होता! कॅमेरा खाली घेतला.