सहा किलोमीटरचा प्रश्न

६जीची बातमी आली की तिच्या मथळ्यात वेगाचा एखादा डोळे दिपवणारा आकडा असतोच. सेकंदाला एक टेराबिट, म्हणजे पापणी लवण्याआधी अख्खा चित्रपट फोनमध्ये. त्याखाली होलोग्रामची, दूरस्थ शस्त्रक्रियेची वर्णने आणि खाली आपल्यासारख्या विज्ञानप्रेमींच्या टाळ्या. या टाळ्यांवर माझा आक्षेप आहे. तो तंत्रज्ञानावर नाही. आपण चुकीच्या आकड्याला टाळ्या वाजवतो, यावर आहे.

इंटरनेटचे भवितव्य प्रयोगशाळेत ठरते, असा आपला भाबडा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग कंटाळवाण्या बैठकांतून तयार होणाऱ्या तांत्रिक मानकांच्या तक्त्यांत ठरतो. चेन्नईत घडलेली एक गोष्ट याचा उत्तम पुरावा आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही.

५जीची पात्रता ठरवताना ग्रामीण भागासाठी जी चाचणी आखली गेली, तिच्यात दोन टॉवरमधले अंतर १७३२ मीटर धरले होते. श्रीमंत देशांच्या ग्रामीण भागात हे परवडत असेल. आपल्याकडे असे टॉवर उभारणे म्हणजे न परवडणाऱ्या योजनेला आधीच मान्यता देणे. आयआयटी मद्रास, तिथल्याच रिसर्च पार्कमधली सीईडब्ल्यूआयटी, आयआयटी हैदराबाद आणि टीएसडीएसआय ही भारतीय मानक संस्था यांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे वेगळी मागणी मांडली: अंतर ६ किलोमीटर धरा. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथे एक टॉवर उभा केला, तर त्याने भोवतालच्या वाड्यावस्त्यांना पोचले पाहिजे. तिथली माणसे ताशी ५०० किलोमीटरच्या रेल्वेत बसलेली नाहीत, पायी किंवा सायकलवर आहेत. म्हणून या कल्पनेचे नाव पडले 'लो मोबिलिटी लार्ज सेल'. २०१७मध्ये ही चाचणी ५जीच्या अनिवार्य निकषांत आली.

क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ ला १.७३२ने भागून वर्ग केला, तर उत्तर १२ येते. म्हणजे जिथे बारा टॉवर लागले असते तिथे एक. हा एक गुणाकार ज्या माणसाला कळला, त्याला ग्रामीण इंटरनेटचे निम्मे अर्थशास्त्र कळले.

पण टॉवर दूर नेला की अडचण वेगळीच येते. टॉवरपाशी शक्ती भरपूर असते, फोनपाशी मात्र साधारण एकपंचमांश वॅट. टॉवरची हाक फोनला ऐकू येते. फोनची ओ टॉवरपर्यंत पोचत नाही. यावरचा उपाय असा होता की, संदेश अशा लहरीत बसवायचा जिची उंची फारशी वरखाली होत नाही. मग फोनमधला अॅम्प्लिफायर बिचकत न चालता आपल्या क्षमतेच्या टोकापर्यंत चालवता येतो आणि आवाज न फाटता दूर जातो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते, हे खरे. शक्ती दुप्पट केली म्हणून अंतर दुप्पट होत नाही, हेही खरे. पण सीमेवरच्या गावाला वेग थोडा कमी मिळणे आणि काहीच न मिळणे, यांत निवड करायची असेल तर ती काय असावी, हे त्या गावाला विचारावे.

या सुधारणांसह '५जीआय' हे भारतीय मानक तयार झाले आणि २०२०च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ते मान्यही केले. पुढे जे झाले ते दोन गटांना दोन प्रकारे आठवते. एक गट म्हणतो, परकीय कंपन्यांनी आमच्या स्वदेशी मानकाचा गळा घोटला. दुसरा म्हणतो, वेगळे मानक हा पोरकटपणाच होता. जगभरचे फोन एका भाषेत बोलत असताना आपण दुसरी काढली असती, तर फोन महागले असते. आपल्या दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप याच स्वरूपाचा होता आणि तो मला निराधार वाटत नाही. डिसेंबर २०२१मध्ये ५जीआयमधले महत्त्वाचे घटक थ्रीजीपीपीच्या जागतिक मानकात सामावून घेण्याचे ठरले. स्वदेशीवाद्यांना तो पराभव वाटला. माझ्या मते तो अर्धा विजय होता, आणि उरलेला अर्धा आपण स्वतःच हरलो.

कारण मानकात तरतूद असणे आणि ती तुमच्या फोनमध्ये असणे, या भिन्न गोष्टी आहेत. मानकातल्या पुष्कळ तरतुदी ऐच्छिक असतात. ज्याची मागणी होते ते चिप बनवणारा घालतो. मागणी कोण करणार? १९ मे २०२२ रोजी आयआयटी मद्रासमध्ये स्वदेशी ५जी जाळ्यावरून केंद्रीय मंत्र्यांनी पहिला कॉल केला, त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. १ ऑक्टोबरला ५जी सेवेचे उद्घाटन झाले, त्याचीही झळकली. 'आमच्या हँडसेटमध्ये लांब पल्ल्याची सोय आहे का?' हा प्रश्न त्या गर्दीत मला तरी वाचायला मिळाला नाही.

चेन्नईला ही हुरहूर नवी नाही. १९९०च्या दशकात अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या टेनेट गटाने कॉरडेक्ट ही बिनतारी यंत्रणा उभी केली. एकाच वेळी फोनवर बोलणे आणि ३५ किंवा ७० किलोबिट वेगाने इंटरनेट. खेड्यातल्या दुकानदाराने एक संगणक ठेवायचा आणि गावाने तो वापरायचा. मोबाइलच्या लाटेने कॉरडेक्ट मागे पडले. यंत्रणा कालबाह्य झाली, तिने विचारलेला प्रश्न झाला नाही.

'आता उपग्रह आहेत की!' असे कुणी म्हणेल. जरूर असावेत, दुर्गम डोंगरात दुसरा मार्गही नसेल. पण उपग्रहाच्या एका झोताखाली फार मोठा प्रदेश येतो आणि त्याची क्षमता त्या सगळ्यांत वाटली जाते. छतावरच्या अँटेनाची किंमत शेतमजुराच्या घराला झेपणारी नाही. शिवाय गावाची वाट परदेशी कंपनीच्या कक्षेतून जाणार असेल, तर ती बंद करण्याची कळही तिकडेच असेल.

'बाजार नाही तिथे सेवा कशी देणार?' या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्या समुद्रातच पडलेले आहे. अंदमान-निकोबारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत चार लाखांहूनही कमी. तरीही चेन्नईहून तिथवर सुमारे २३०० किलोमीटरची केबल सार्वजनिक निधीतून टाकली गेली. १० ऑगस्ट २०२० रोजी ती सुरू झाली. निव्वळ नफ्याचा हिशेब केला असता, तर ती कधीच पडली नसती. त्याच वर्षी टाळेबंदीत सिंधुदुर्गातली आणि नंदुरबारच्या सातपुड्यातली मुले तासासाठी टेकडीवर चढून सिग्नल शोधत होती. २०२२मध्ये केंद्राने सिग्नल नसलेल्या २४,६८० गावांसाठी ४जीची योजना मंजूर केली, ही चांगलीच गोष्ट. पण २०२२ साली ती मंजूर करावी लागली, याचीही नोंद घ्यावी.

आता ६जी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३मध्ये त्याची जी चौकट मान्य केली, तिच्यातील सहा वापरप्रकारांत 'सर्वदूर जोडणी' हा एक आहे, आणि त्यासाठी भारताने आग्रह धरला होता. अभिमान वाटायला हरकत नाही. परंतु चौकटीतला शब्द आणि चाचणीतला आकडा यांत जे अंतर असते, तिथेच गावे गळतात. २०१६मध्ये नियम काढून आपण फोनमध्ये आपत्कालीन बटण सक्तीचे केले. मग भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ६जी फोनमध्ये लांब पल्ल्याची तरतूद सक्तीची का असू नये? स्पेक्ट्रमच्या लिलावात ती अट का असू नये?

अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावे. ६जीवरची पुढची बातमी वाचाल, तेव्हा टेराबिटचा आकडा सोडून द्या आणि ग्रामीण चाचणीचा तक्ता शोधा. त्यात दोन टॉवरमधल्या अंतराचा एक रकाना असतो. तिथे कोणता आकडा पडतो आणि त्या बैठकीत भारताच्या बाजूने कोण बोलले, ते पाहा.