एक्स-रे कुठला, ते पेटंटच्या अर्जात लिहा

डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र पाहून मधुमेहाने झालेली इजा ओळखणारी, निकाल देताना तज्ज्ञाची वाट न पाहणारी संगणकप्रणाली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2018मध्ये मंजूर केली. तिचे जनक मायकेल अब्रामॉफ हे आयोवा विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ. या क्षेत्रातली अनेक पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. अशा संशोधकाला 20 वर्षांचा एकाधिकार मिळावा, याबद्दल तक्रार नाही. तक्रार पेटंटच्या अर्जाबद्दल आहे. यंत्र कसे शिकते हे त्यात तपशिलाने लिहावे लागते. पण कुणाच्या प्रतिमांवर शिकले, हे सांगण्याची सक्ती नाही.

हा तपशील किरकोळ नाही. 2018मध्येच अमेरिकी संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली. जिथल्या प्रतिमांवर ती शिकली होती, त्याच्या बाहेर तिची कामगिरी बऱ्याचदा घसरली. शिवाय एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा, हे संगणक जवळजवळ अचूक ओळखत होता. उजवी-डावी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ फिल्मवर धातूचे छोटे अक्षर ठेवतात. अशा खुणांवरही यंत्राची नजर जात होती. म्हणजे फुप्फुसाआधी ते रुग्णालय वाचत होते. अशी प्रणाली गडचिरोलीच्या रुग्णावर वापरायची, तर तिचे शिक्षण कुठे झाले हे विचारायलाच हवे.

आपल्या कायद्यात याचा पायंडा आहे. शोधात जैविक सामग्री वापरली असेल, तर ती कुठून आणली हे पेटंट कायद्याच्या कलम 10नुसार अर्जात लिहावे लागते. माहिती दडवली किंवा चुकीची दिली, तर पेटंट रद्द होऊ शकते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीचे अमेरिकी पेटंट 1997मध्ये रद्द करवले. उगमाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. वनस्पतीला लागू असलेला नियम रुग्णाच्या प्रतिमेला का नको?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला गोपनीयतेचा, पण मागणी रुग्णांच्या नावांची किंवा प्रतिमांची नाही. प्रदेश, संस्था, प्रतिमांची संख्या, यंत्राचा प्रकार आणि निदानाची नोंद कुणी केली, एवढेच हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सक्ती केली तर कंपन्या पेटंट घेणारच नाहीत, सगळे व्यापारी गुपित म्हणून दडवतील. काही दडवतीलही. पण गुगलच्या संशोधकांनी 2016मध्ये नेत्रपटलाच्या 1,28,175 प्रतिमांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या अमेरिकेतून आणि भारतातल्या तीन नेत्ररुग्णालयांतून आल्याचे उघड सांगितले. तेवढ्याने त्यांचे संशोधन थांबले नाही. वैद्यकीय नियतकालिकाला जे सांगता येते, ते एकाधिकार मागताना सरकारलाही सांगता येईल. केंद्राने कलम 10मध्ये ही दुरुस्ती करावी.