ज्वारी आमची, परवाना त्यांचा

२००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून दारू काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचे ठरवले. लिटरमागे १० रुपये अनुदान कबूल केले. कारण काय सांगितले? तर पावसात काळी पडलेली ज्वारी शेतकऱ्याच्या गळ्यात पडते, तिला गिऱ्हाईक मिळेल. परवाने कोणाकोणाच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे गेले याचा पुढे गाजावाजा झाला, प्रकरण हायकोर्टात गेले. ते बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. तीच काळी ज्वारी शेतकऱ्याने परसात रांजणात आंबवली असती, तर त्याच्या दारात अनुदान आले नसते, पोलीस आले असते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू, बीअर काहीही बनवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे. मग ती घरच्यापुरती असो की विकायला.

कायद्याचे नाव दारूबंदीचे. आणि राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये येतात ते दारूच्या महसुलाचे! म्हणजे बंदी दारूवर नाही. दारू कोणी करायची नि तिचा पैसा कोणी खायचा, यावर बंदी आहे. कापूसवाल्यांना हे समजावून सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्या रानातला कापूस आपण दुसऱ्याला विकला की तो चोरटा ठरत होता. राज्याच्या हद्दीवर कापसाच्या गाड्या अडवल्या जात होत्या.

ज्वारीवर हा खेळ सगळ्यात उघडपणे खेळला गेला तो दक्षिण आफ्रिकेत, डर्बन शहरात. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. तिथल्या झुलू बाया ज्वारी भिजवतात, मोड आणतात, उन्हात वाळवून भरडतात, तिची पेज करून निवू देतात आणि मग आंबवून गाळून घेतात. त्या पेयाला उत्श्वाला म्हणतात. आंबट, दाट, नशा कमी नि पोटाला आधार जास्त. आपल्या आंबिलीची थोरली बहीणच म्हणा ना. पाहुण्याला द्यायचे तेच, सणासुदीला तेच, आणि ते करण्याचा मान बाईचा. खेड्यातले पुरुष डर्बनच्या गोदीत हमालीला गेले, तेव्हा पाठोपाठ शहरात आलेल्या बाया हेच पेय करून विकू लागल्या. चार पैसे त्यांच्या हाती राहू लागले.

गोऱ्यांच्या नगरपालिकेच्या डोळ्यांत हे पैसे भरले. १९०८ साली नाताळच्या सरकारने कायदा केला आणि काळ्या माणसांसाठी ज्वारीची बीअर करून विकण्याचा मक्ता नगरपालिकांना घेता येईल असे ठरवले. डर्बनने तो लगेच घेतला. नगरपालिकेने स्वतःचे गुत्ते उघडले आणि बायांनी घरी हंडा लावला तर गुन्हा झाला. या बीअरचा नफा वेगळ्या खात्यात जमा होई. त्या खात्यातून काय होई? काळ्या मजुरांना ठेवायच्या बराकी बांधल्या जात, त्यांच्यावर पहारा करणाऱ्या पोलिसांचा पगार निघे. माणसाला कोंडायचे आणि कोंडण्याचा खर्च त्याच्याच पेल्यातून काढायचा! गोऱ्या करदात्यांना तोशीस नको. ही युक्ती इतकी फायद्याची ठरली की दुसऱ्या शहरांनी ती उचलली, ‘डर्बन पद्धत’ असे तिचे नावच पडले.

१९२९ मध्ये मजुरांनी गुत्त्यांवर बहिष्कार टाकला, दंगल झाली, माणसे मेली. तीस वर्षांनी, १७ जून १९५९ रोजी, डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बाया काठ्या घेऊन नगरपालिकेच्या गुत्त्यात शिरल्या. आत पीत बसलेल्या पुरुषांना बाहेर हाकलले, बीअर सांडून टाकली. त्यांची तक्रार एका वाक्याची होती. आमचे हंडे पोलीस लाथाडतात आणि आमच्या नवऱ्यांचा पगार तुमचा गुत्ता गिळतो.

आपल्याकडे इंग्रजाने हेच मोहाच्या बाबतीत केले. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मोठ्या मक्तेदारांच्या हाती दिली. १८९२ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा करून झाडाखाली पडलेले मोहाचे फूल वेचण्यावरही बंधन घातले. इंग्रज गेला, पण मोहफुलावरची बंधने महाराष्ट्रात सैल व्हायला २०२१ साल उजाडले. द्राक्षाला मात्र इतकी वाट पाहावी लागली नाही. २००१ पासून वाइनला सवलती मिळाल्या. २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा शेतकऱ्याचे हित पुढे करण्यात आले. हित करायचे असेल तर जरूर करा, द्राक्षवालाही आपलाच भाऊ आहे. पण कोरडवाहू रानातल्या ज्वारीच्या वाट्याला काय?

इथे मायबहिणी विचारतील, आधीच गावात गुत्ते थोडे आहेत का, की आता घराघरात हंडे मागता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. दारूने संसार धुळीला मिळतात हे सांगायला आम्हाला कोणत्या अहवालाची गरज नाही. पण संसार मोडणारी दारू बहुतेक गावांत सरकारी परवान्याच्या दुकानातूनच येते. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसे मेली, ती आंबवलेल्या ज्वारीने नव्हे. ते कारखान्यातले विषारी मिथेनॉल होते. म्हणून आंबवणे आणि भट्टी लावून गाळणे यांत फरक केलाच पाहिजे. भट्टीची मागणी आम्ही करत नाही. बाटली आडवी करायचा, दुकान बंद करण्याचा बायांचा मताचा अधिकार आहे, तो आणखी सोपा व्हावा असेच आमचे म्हणणे आहे. ज्या गावात बायांनी नको म्हटले, तिथे रांजणही नको.

घरच्यापुरते आणि विक्रीचे यांत कायद्याने फरक करता येतो. अमेरिकेत दारूबंदी १९३३ ला उठली, घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण घरच्या बीअरचे राहून गेले. १९७८ साली कायदा दुरुस्त झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २००, आणि विक्री करायची नाही. तरी राज्याराज्यांचे कायदे आडवे राहिले. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी अडसर काढला तो २०१३ मध्ये. घरी हात बसलेल्यांपैकी कित्येकांनी मधल्या काळात परवाने काढून लहान लहान कारखाने घातले. त्या देशात सत्तरीच्या दशकाच्या शेवटी बीअरचे कारखाने शंभराच्या आत होते, आज ते काही हजार आहेत. आपल्याकडे असा कारखाना काढायचा तर परवान्याची फी आणि अटी पाहूनच कोरडवाहू शेतकरी उंबऱ्यावरून परत फिरतो.

येत्या जिल्हा बैठकीपुढे दोन गोष्टी ठेवत आहोत. घरच्यापुरत्या आंबवलेल्या पेयाला १९४९ च्या कायद्यातून वगळावे. आणि ज्वारीची बीअर करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला परवाना त्याच्या ऐपतीच्या फीमध्ये मिळावा. तालुक्यांनी आपले म्हणणे बैठकीआधी लेखी पाठवावे. त्यात गावच्या बायांनी काय सांगितले ते वेगळे लिहावे. ज्या तालुक्याच्या कागदात ते नसेल, त्या तालुक्याचे मत ठरावाच्या वेळी धरले जाणार नाही.