पाहुण्यांच्या गावी

हिवाळा आला की आपल्या घरांत सहलीचा विषय निघतो. मुलांना वॉटर पार्क हवे असते, मोठ्यांना एखादा किल्ला, आणि म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारत नाही. गेल्या जानेवारीत आम्ही ठरवले, या वेळी अम्मींनाही झेपेल अशा ठिकाणी जायचे. म्हणून नाशिकहून फजरची नमाज होताच निघालो आणि निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात पोहोचलो.

येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. शेतीला पाणी मिळावे म्हणून इंग्रजांच्या काळात त्यावर बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे तयार झाली, लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पण उथळ पाण्यात चोच बुडवून खाणाऱ्या बदकांना आणि चिखलात किडे शोधणाऱ्या पक्ष्यांना तोच गाळ म्हणजे भरलेले दस्तरखान! रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून महाराष्ट्रातून सर्वांत आधी मान मिळाला तो याच जागेला.

आता आमची गोष्ट सांगतो, आणि ती फारशी अभिमानाची नाही. आम्ही सोबत खिमा-पराठे, चहाचा थर्मास आणि गाणी वाजवायचा स्पीकर घेऊन गेलो होतो. वाटाड्या म्हणून आलेल्या गावातल्या तरुणाने स्पीकर गाडीतच ठेवायला लावला. मुले हिरमुसली. पाण्यावर शेकडो चांदवे तरंगत होते, अंगाने काळे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले. आमच्या धाकट्याने खडा उचलला आणि भिरकावला. सारा थवा पाण्यावर पाय आपटत धावला आणि उडाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

तो तरुण रागावला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "काका, यातले कितीतरी पक्षी लांबून आलेत. उन्हाळ्याआधी परत जायचंय त्यांना. इथं खाऊन जी चरबी साठते, तीच त्यांची शिदोरी. उगाच उडवलं की ती शिदोरी खर्ची पडते."

आम्ही खाली पाहिले. घरी आलेल्या मेहमानाच्या पुढचे ताट आपण कधी ओढून घेत नाही. येथे आम्ही तेच केले होते, आणि तेही मुलांसमोर हसून.

नंतर निरीक्षण मनोऱ्यावर जाऊन बसलो. वाटाड्याने अट घातली होती, अर्धा तास कोणी बोलायचे नाही. पहिली दहा मिनिटे जड गेली. मग हळूहळू दिसू लागले. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून चोरपावलांनी बाहेर आली. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसला. उडालेले चांदवे परत आले. इतक्यात भगव्या-तांबूस रंगाच्या बदकांची जोडी ओरडत उतरली. वाटाड्या कुजबुजला, "चक्रवाक. लडाख, तिबेटकडून येतो."

अम्मींनी दुर्बीण लावली आणि अट मोडून म्हणाल्या, "अरे, हा तर सुर्खाब!"

आमच्या घरात कोणी जास्त ऐट दाखवली की "तुला काय सुर्खाबचे पर लागलेत?" असे म्हणतात. पण सुर्खाब म्हणजे काय, हे आम्ही अम्मींना कधी विचारलेच नव्हते. त्यांचे माहेर गोदाकाठचे, कोपरगावकडचे. थंडीत नदीवर हे पक्षी यायचे आणि अब्बाजान बोट धरून त्यांना दाखवायला न्यायचे, हे त्या सांगत होत्या. मुले मोबाईल विसरून ऐकत होती. आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात. अम्मी हळू बोलतात, म्हणून त्यांचे बोलणे राहून जाते. ते ऐकायला आम्हाला एवढ्या लांब यावे लागले.

परतताना धाकटा गप्प होता. त्याला आम्ही सालिम अलींची हकिकत सांगितली. मुंबईत मामाच्या घरी वाढलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असा प्रश्न पडला आणि मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथून पक्ष्यांच्या अभ्यासाची जी वाट सुरू झाली, ती 1987 साली त्यांच्या इंतकालापर्यंत संपली नाही. चूक झाल्यावर जो थांबून पाहतो, तो शिकतो.

सूरह मुल्क अनेक घरांत रोज रात्री वाचली जाते. तिच्यात आकाशात उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहण्यास सांगितले आहे. वाचतो रोज, पाहतो कधी?

आपणही जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि सकाळची वेळ उत्तम. मातकट किंवा हिरवट रंगाचे साधे कपडे घाला, दुर्बीण न्या, पक्ष्यांना खायला टाकू नका, प्लास्टिक परत आणा. स्पीकर घरीच ठेवा. आणि घरातल्या बुजुर्गांना नक्की सोबत घ्या. हल्ली आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर थोडा वेळ टीव्ही बंद असतो. धाकटाच तो बंद करतो आणि म्हणतो, "दादीजान, आता तुम्ही बोला."