सुट्टीत जायचं कुठं?



सप्टेंबर अखेरीस आपल्या कॉव्हेंट्रीत विद्यार्थ्यांची झुंबड उडते. कॉव्हेंट्री युनिव्हर्सिटी भर गावात, आणि वॉरिक युनिव्हर्सिटी नावाला वॉरिकची, पण आहे आपल्याच गावच्या कडेला. आईबाप गाडीतून गाद्या, उशा, प्रेशर कुकर उतरवतात. पण काही मुलांना पोचवायला कोणीच नसतं. आज त्यांच्याविषयी.

बालमित्रांनो, फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे बरं का! आईबाप सांभाळू शकत नाहीत तेव्हा कौन्सिल मुलाला दुसऱ्या कुटुंबात ठेवते. १८ वर्षं पुरी झाली की ती व्यवस्था संपते. दोन्ही बाजू राजी असल्या तर २०१४ पासून इंग्लंडमध्ये २१ पर्यंत त्याच घरी राहता येतं. पण बघा, कॉलेजात जायचं वय तेच आणि घर सुटायचं वयही तेच.

अशा मुलाचं घोडं बुद्धीपाशी अडत नाही. नाताळात होस्टेल बंद झालं तर जायचं कुठं? खोली घ्यायची तर घरमालक जामीन मागतो, तो आणायचा कुठून? आपल्या मुलांना हे प्रश्न पडत नाहीत, कारण पाठीशी आपण असतो.

म्हणून कायद्यानं थोडंफार पालकपण कौन्सिलवर टाकलं आहे. मूल १४ व्या वर्षानंतर एकूण किमान १३ आठवडे कौन्सिलच्या सांभाळात असलं, आणि त्यातला काही काळ १६ नंतरचा असला, तर साधारणपणे त्याला हे हक्क मिळतात. पदवीसाठी कौन्सिलकडून २,००० पाऊंड. सुट्टीत होस्टेल बंद असेल तर राहण्याची सोय. २५ वर्षांपर्यंत सल्ला द्यायला एक माणूस. शिवाय सरकारी कर्ज ठरवताना आईबापांची मिळकत विचारत नाहीत. आणि लक्षात ठेवा, जबाबदारी ज्या कौन्सिलनं सांभाळलं तिची. बर्मिंगहॅमचं मूल इथं शिकायला आलं तरी मागायचं बर्मिंगहॅमकडेच.

पण मागितल्याशिवाय मिळत नाही. युनिव्हर्सिटीच्या अर्जात ‘तुम्ही केअरमध्ये होता का?’ असा प्रश्न असतो. पुष्कळ मुलं लाजेनं तिथं खूण करत नाहीत. अहो, यात लाज कसली? तो प्रश्न मदतीसाठीच असतो.

आपल्या महाराष्ट्रातही हेच दुखणं. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे स्पर्धा परीक्षेत चांगले गुण मिळवूनही अडल्या, कारण आईबापांच्या मिळकतीवर मिळणारा दाखला त्या आणणार कुठून? त्या थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या. २०१८ साली सरकारनं अनाथ मुलांना शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. एकीच्या धडपडीचा लाभ कितीतरी जणांना झाला.

आता आपलं काम. मुलांनो, वर्गात असा मित्र असेल तर त्याच्या घरची चौकशी करू नका, त्याला खेळायला घ्या. ज्येष्ठ मंडळी, ओळखीत असं कोणी शिकायला निघालं असेल तर वरचे हक्क त्याला सांगा आणि अर्ज भरताना शेजारी बसा. पुढं सुट्टी लागली की जेवायला बोलवा. कौन्सिल खोली देईल, पैसे देईल. पण ‘पोहोचलास का, जेवलास का?’ हे विचारायला माणूसच लागतं.

पुढच्या अंकी भेटूच.